अप्पांच्या शेजारची जागा

रविवारी सकाळी चष्मेवाले तळ्यावर पोचले, तेव्हा त्यांचे सासरे अप्पा धाकट्या जावयाच्या खुर्चीत बसलेले होते. नुसते बसलेले नव्हते, चांगले ऐसपैस पसरले होते. पाय लांब, मान मागे, आणि खुर्चीच्या हातालाच जी गोल खोबण होती तिच्यात चहाचा कप. इतकी वर्षं हेच अप्पा दर रविवारी थोरल्या जावयाशेजारी एका सपाट दगडावर बसत आले होते. तो दगड आज मोकळा होता आणि त्याच्यावर एक बेडूक बसला होता.

"या, दादा," धाकटा जावई म्हणाला. "म्हटलं, दगडावर बसून अप्पांची कंबर धरते, तर एक जादाची खुर्ची आणू. पाठ हवी तशी वाकवता येते हिची. बसून बघता?"

"नको, मला सवय आहे दगडाची," चष्मेवाले म्हणाले, आणि बेडकाला हुसकून बसले.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, घरचेसुद्धा. धाकटा जावई, म्हणजे त्यांचा साडू, दातांचा डॉक्टर. हत्यारांची हौस या माणसाला जन्मजातच असावी. मासे धरायचा नाद लागून त्याला जेमतेम काही महिने झाले होते, पण त्याची गाडी उघडली की एखादा दवाखाना उतरतो आहे असं वाटायचं. पिसासारखी हलकी, भागाभागांची जोडायची काठी. लोण्यासारखं फिरणारं रीळ. पाण्यात दिसेनाशी होणारी दोरी. कापडी छत्री. आणि मासा गळाला नुसता हुंगून गेला तरी वाजणारी एक डबी. चष्मेवाल्यांकडे काय होतं? बांबूची काठी, दोरी, दोरीला बरणीचं बूच, खाली गळ आणि खिशात शिळ्या पावाचा गोळा.

तेवढ्यात साडूची डबी वाजली. चक्क सुरात वाजली. अप्पा कपासकट उठून बसले.

"वा. म्हणजे मासाच बेल दाबतो म्हणायचं," ते म्हणाले. "ऐकलंत का, जावईबापू?"

चष्मेवाल्यांनी ऐकलं होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावरही ऐकू गेलं असेल. मासा निसटला, पण साडूचा चेहरा मासा मिळाल्यासारखाच फुललेला होता.

"दादा, खरं सांगा," तो म्हणाला. "या बांबूने मजा येते?"

"मजा काठीत नसते, साडूभाऊ. वाट बघण्यात असते."

"मग वाट खुर्चीत बसून बघा की. कोण नको म्हणतंय?"

अप्पा खदखदून हसले. इतके हसले की त्यांचा चहा हिंदकळला. आता विनोद काही एवढा मोठा नव्हता, तुम्हीच सांगा. पण चष्मेवाल्यांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांना साडूचा हेवा वाटला. यापूर्वी त्यांना त्याचं घर खुपलं नव्हतं की गाडी खुपली नव्हती. अप्पा मात्र त्यांचे होते. अप्पा आयुष्यभर जमिनी मोजत हिंडलेले. एकदा एक टेकडी त्यांनी लागोपाठ दोन दिवस मोजली, आणि दुसऱ्या दिवशी ती उंच भरली. ही हकिगत ते दर रविवारी सांगायचे. चष्मेवाल्यांना ती अक्षर न् अक्षर पाठ होती, आणि खात्री करायला वरचा साहेब टेकडीवर चढून स्वतः फीत लावतो तिथे ते दर वेळी नव्याने हसायचे. मासा बहुधा मिळायचा नाही. मिळाला तरी हाताच्या पंजाएवढा, तो ते परत सोडून द्यायचे. आज मात्र टेकडीची गोष्ट साडूच्या कानात गेली. गोष्ट चालू असताना तो गृहस्थ रिळाला तेल घालत होता, आणि तरी अप्पा त्यालाच सांगत होते. वादाचा निकाल लागल्यातच जमा होता.

घरी बायकोने दार उघडलं तेच मोबाईल हातात घेऊन.

"अहो, अप्पा किती आरामात बसलेत बघा. धाकटीने फोटो पाठवलाय."

"बघितलं मी. तिथेच होतो."

"फोटोत नाही दिसत तुम्ही."

"कोपऱ्यात कोपर आहे ना, ते माझं."

बायकोने फोटो मोठा करून पाहिला. "हो की," ती म्हणाली. "तुम्ही का नाही हो नेत अप्पांसाठी खुर्ची?"

चष्मेवाले हात धुवायला गेले. खुर्ची नेऊन काय होणार होतं? साडू दुसऱ्या रविवारी पलंग आणील. त्याला हरवायचं तर एकाच गोष्टीत हरवायला हवं होतं, आणि ती म्हणजे मासे. एवढा सरंजाम असून त्याला अजून मासा धड मिळाला नव्हता. आपल्याला बांबूच्या काठीने, अप्पांच्या डोळ्यांदेखत, पटापट मासे मिळाले तर? तर खुर्ची आपोआप इकडे सरकेल.

चष्मेवाल्यांनी मग आपल्या तत्त्वांना जरा बाजूला बसवलं आणि गुपचूप एक यंत्र मागवलं. लिंबाएवढा गोळा. तो पाण्यावर तरंगायचा, आणि खाली मासे कुठे आहेत त्याचं चित्र मोबाईलवर यायचं. दुकान बंद करून त्यांनी बरणीचं एक मोठं बूच आतून कोरलं, काचा घासायच्या कागदाने गुळगुळीत केलं आणि गोळा त्यात बसवला. चष्म्याच्या दांड्या चिकटवायचा डिंक कामी आला. वरून पाहणाऱ्याला बूच, खालून यंत्र. मोबाईल लपवायला त्यांनी गॉगलची सगळ्यात मोठी डबी निवडली. चष्मेवाला माणूस डबी उघडून काच पुसतो आहे, यात कोणाला काय वावगं दिसणार?

प्रयोग बाथरूममध्ये झाला. बादली भरली, बूच सोडलं, डबी उघडली. चित्रात काही नाही. मग त्यांनी खात्री करून घ्यायला पाय बादलीत घातला, आणि पडद्यावर एक दणकट मासा हजर झाला. पाय हलवला की मासा हलायचा. चष्मेवाले हरखून गेले.

"अहो, आत काय चाललंय एवढा वेळ?" बाहेरून बायको.

"पाय धुतोय."

"आणि हसताय कशाला?"

"गुदगुल्या होतायत."

पुढच्या रविवारी चष्मेवाले दगडावर बसले, दोरी फेकली आणि डबी उघडून काच पुसायला लागले. पडद्यावर डावीकडे मासे दिसले. त्यांनी दोरी डावीकडे सरकवली, आणि जरा वेळाने बूच असं बुडालं की काठी हातातून जाता जाता राहिली. मासा निघाला तो चांगला कोपरभर.

अप्पा खुर्चीतून उठून आले. मागे साडूची डबी उगाचच वाजत होती, तिच्याकडे कोणी बघेना.

"जावईबापू, तुम्हाला कळलं कसं? तुम्ही नेमकी तिकडेच नेली की दोरी."

इथे चष्मेवाल्यांनी गप्प बसायला हवं होतं. नशीब म्हणून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण साडू पाठीमागे उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं फुलणं उतरलेलं होतं. ते बघून चष्मेवाल्यांची जीभ सैल सुटली.

"ऐकायचं, अप्पा," ते म्हणाले. "पाणी सांगतं. कान लावून बसलं की कळतं, मासा कुठे आहे ते. बॅटरीवाल्यांना नाही कळायचं."

"कान लावून म्हणजे?"

आता म्हणजे काय सांगणार? चष्मेवाले सरळ पालथे झोपले आणि त्यांनी एक कान पाण्याला टेकवला. कानात पाणी गेलं. तरी त्यांनी डोळे मिटून, एक हात डबीवर ठेवून, गंभीरपणे मान हलवली. उठले, काच पुसली आणि दोरी उजवीकडे टाकली. आणखी एक मासा आला. अप्पांनी तोंडात बोट घातलं. मग ते परत फिरले, साडूची खुर्ची मिटली, बगलेत मारून आणली आणि दगडाच्या शेजारी उघडून बसले. खुर्ची साडूची, पण आत अप्पा होते, आणि ते थोरल्या जावयाच्या शेजारी होते. चष्मेवाल्यांना आयुष्यात इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

"तर मी काय सांगत होतो," अप्पा म्हणाले, "ती टेकडी..."

"शू," चष्मेवाले म्हणाले. "जरा शांत, अप्पा. पाणी ऐकू येत नाही."

अप्पा शांत बसले.

त्यानंतर साडूची झोप उडाली म्हणतात. म्हणतात म्हणजे धाकटीने थोरलीला सांगितलं आणि थोरलीने चष्मेवाल्यांना, आणि चष्मेवाल्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. आणि आला की पुढच्या रविवारी साडू बांबूची काठी घेऊन. छत्री नाही, वाजणारी डबी नाही. डोक्यावर कानटोपी.

"दादा, मला शिकवा," तो म्हणाला. "अप्पाही म्हणत होते, यंत्राशिवाय मासा धरणं हीच खरी कला."

"असं म्हणाले अप्पा?"

"फोनवर म्हणाले. तुमचं फार कौतुक करत होते."

चष्मेवाल्यांची छाती फुगली. साडूच्या दोरीला गुलाबी रंगाचं काहीतरी गोल बांधलेलं होतं. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"कवळीच्या हिरड्या करतो ना, त्यातलं उरलेलं. म्हटलं, तरंगायला बरं."

चष्मेवाल्यांनी त्याला पालथं झोपवलं. कान कसा टेकवायचा, श्वास कसा धरायचा, पाण्याचा आवाज भरीव आला तर काय आणि पोकळ आला तर काय, हे सगळं जागच्या जागी रचून सांगितलं. साडू भाबडेपणाने ऐकत होता. चष्मेवाल्यांना त्याची थोडी दयाही आली. थोडीच. मग साडूने एक कान पाण्याला लावला, दुसरा कानटोपीत होता, आणि काही क्षणांनी तो म्हणाला, "दादा, समोर. जरा खोल."

त्याने दोरी टाकली आणि मासा काढला. मग दुसरा काढला. चष्मेवाल्यांच्या पडद्यावर दिसायच्या आधी तिसरा काढला.

आता कल्पना करा या माणसाची अवस्था. थाप यांची. पाण्याला कान लावण्यात काडीचं तथ्य नाही हे जगात फक्त यांना माहीत. आणि त्याच थापेवर साडू यांच्यापेक्षा जास्त मासे काढतो आहे. चष्मेवाल्यांना आधी अप्पांवरून साडूचा हेवा वाटला होता. आता त्यांना आपल्याच थापेचा हेवा वाटायला लागला. आपल्याला का नाही ऐकू येत? त्या आठवड्यात त्यांनी घरी बादलीला कान लावून पाहिला. बायकोने दार लोटलं, पाहिलं आणि परत ओढून घेतलं.

आणि यायच्या रविवारी दोघंही अटीतटीने उतरले. काठावर शेजारी शेजारी पालथे, एकेक कान पाण्यात. अप्पांची खुर्ची मागे.

"परवा त्या टेकडीचा नकाशा सापडला बरं का मला," अप्पांनी सुरुवात केली. "कपाट आवरताना. गंमत म्हणजे..."

"शू," थोरले जावई म्हणाले.

"शू," धाकटे जावई म्हणाले.

त्या दिवशी चष्मेवाल्यांच्या पडद्यावर माशांची जत्रा लोटली होती. पण दोरी टाकावी तर गळाला काही नाही. डावीकडे दाखवतंय म्हणून डावीकडे टाकली, कोरडी. उजवीकडे टाकली, कोरडी. शेजारी साडूही चिडलेला दिसत होता. तोही "समोर, समोर" म्हणून टाकायचा आणि रिकामा गळ ओढायचा. चष्मेवाल्यांनी डबी तिरकी करून बारीक अक्षरं वाचली. अंतर दाखवत होतं ते त्यांच्या बुचाचं नव्हतंच. बूच तर पायाशी होतं, आणि मोबाईल सांगत होता, लांब तिकडे. तिकडे कोण होतं? तिकडे साडूची ती गुलाबी हिरडी तरंगत होती.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खात्री करायला त्यांनी आपली दोरी गुलाबी गोळ्यावरून फेकली आणि ओढली. साडूने ओळखलं आणि तोही ओढायला लागला. दोघं उठून उभे राहिले. दोन बांबू वाकले, दोऱ्यांचा गुंता झाला, आणि शेवटी बूच आणि हिरडी एकमेकांना मिठी मारून काठावर आले. आपटण्याने बुचाचा डिंक सुटला आणि आतून निळा दिवा लुकलुकला. हिरडीला तडा गेला. तिच्यातूनही निळा दिवा लुकलुकला.



"कानटोपी काढा, साडूभाऊ," चष्मेवाले म्हणाले.

साडूने काढली. कानात बिनतारेचा इयरफोन होता. "मासा आला की टिकटिक होतं यात," तो खाली बघत म्हणाला. "तुमची डबी?"

चष्मेवाल्यांनी डबी उघडून दाखवली.

"एकाच कंपनीचं घेतलं आपण," साडू म्हणाला. "म्हणून माझ्या कानात तुमचे मासे वाजत होते."

"आणि मला तुमचे दिसत होते."

"म्हणजे पाण्याला कान लावून काहीच ऐकू येत नाही?"

"काही नाही. मला कान दुखायला लागलाय फक्त."

"माझाही," साडू म्हणाला.

चष्मेवाल्यांना हायसं वाटलं, आणि लगेच धास्ती वाटली. अप्पा. अप्पांनी हे सगळं पाहिलं असणार. काय तोंड दाखवायचं आता? कोणी कबूल करायचं आधी? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग हळूच मागे वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. कपातल्या चहावर साय धरली होती, म्हणजे अप्पा जाऊन बराच वेळ झाला होता. कधी उठले, दोघांनाही ठाऊक नव्हतं. चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी हाका मारल्या. मग साडूला अप्पांचा पांढरा सदरा दिसला, तळ्याच्या पलीकडच्या काठावर. ते खाली गवतात मांडी घालून बसले होते, आणि शेजारी कोणी एक म्हातारा गळाची काठी धरून बसला होता.

चष्मेवाले वळसा घालून धावत गेले. धाप लागली होती.

"अप्पा, इथे कुठे? चला ना, खुर्ची ठेवलीय तिकडे."

"छे हो, खुर्चीत झोप येते," अप्पा म्हणाले. "हे बघा, हे बसमध्ये कंडक्टर होते. आता निवांत असतात. मी यांना ती टेकडी सांगत होतो."

"मला सांगा ना," चष्मेवाले म्हणाले. आवाज जरा जास्तच केविलवाणा निघाला.

"तुम्हाला कशी सांगणार? तुम्ही पाणी ऐकत असता." अप्पांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "चांगलं चाललंय तुमचं, जावईबापू. मासे धरताय दोघं. धरा. आम्ही आपले बसतो इथे. यांचं आमिष लावायचंच राहून जातं बोलण्याच्या नादात, त्यामुळे मध्ये उठायची भानगड नाही."

कंडक्टरने चष्मेवाल्यांना हात जोडून नमस्कार केला आणि अप्पांकडे वळून विचारलं, "मग? साहेब चढले का टेकडीवर?"

"अहो, चढले म्हणजे? स्वतः फीत घेऊन," अप्पा म्हणाले, आणि थोरल्या जावयाकडे त्यांची पाठ झाली.

चष्मेवाले परत आले. कसे आले ते त्यांनाच माहीत. साडूने दोन्ही यंत्रं पुसून खुर्चीवर वाळत घातली होती आणि स्वतः सपाट दगडावर बसला होता. तो जरा सरकला. चष्मेवाले त्याच्या शेजारी टेकले.  पलीकडून कंडक्टरच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून सरळ इकडे आला. साहेबाने फीत लावली असणार.

"किती खोटं हसतोय," साडू म्हणाला.

"पहिल्यांदा ऐकलीय ना त्याने. म्हणून," चष्मेवाले म्हणाले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं.

दोघं बराच वेळ पलीकडे डोळे लावून बसले. पाण्यात काठाशीच मासे उसळत होते, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अप्पांनी आता कंडक्टरच्या पाठीवर थाप मारली होती. 

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुमची नजर चांगली आहे. त्या कंडक्टरची काठी कुठल्या कंपनीची आहे, दिसतंय का?"

चष्मेवाल्यांना त्याचा भयंकर राग आला. या माणसाला काहीसुद्धा कळलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नीट नाकावर बसवला आणि डोळे बारीक करून पाहू लागले.

"थांबा हो," ते म्हणाले. "त्याचा हात मध्ये येतोय."